फायबरची होडी पांढरी पडली, आता पॉलिशर कोणतं घ्यायचं?

धरणाचं पाणी खाली गेलं की नाथसागर घ्या, येलदरी घ्या नाहीतर माजलगाव घ्या, काठाला फायबरच्या होड्या पालथ्या घातलेल्या दिसतात आणि त्यातल्या निम्म्याशिम्म्यांचा मूळ रंग कोणता होता तेच कळत नाही. निळ्याचं आकाशी झालेलं, लालचं गुलाबी, हात फिरवला की तळव्याला पांढरी पावडर. मग मच्छीमार सोसायटीतलं कोणीतरी म्हणतं की गाडीला मारतात तसं बफिंग मारून घेऊ, आणि दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात "पॉलिशचं मशीन दाखवा" म्हणून उभे. दुकानदार काय, जे पडून आहे ते दाखवणार.

मशीन सगळ्यात शेवटी निवडायचं बघा. आधी होडीवरचा थर कशाचा आहे, तो किती खोलवर मेलाय आणि जिथं काम करायचंय तिथं लाईट कशी येते, या तीन गोष्टी बघितल्या की मशीनचं निम्मं उत्तर मिळतंच.

फायबरच्या होडीचा जो वरचा रंगीत थर असतो त्याला जेलकोट म्हणतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये रंग कालवून साच्यात आधी हा थर मारतात आणि त्याच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट रेझिननं बसवत जातात, म्हणून साच्यातून काढल्यावर तो बाहेरच्या अंगाला येतो. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आता गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉन, म्हणजे जेलकोट जवळजवळ दहापट जाड झाला. याचा फायदा असा की घासायला माल भरपूर आहे, एकदोनदा पॉलिश मारल्यानं काही संपत नाही, पण तोटा असा की मेलेला थर काढायला जोरबी तेवढाच लागतो आणि गाडी धुणाऱ्या पोरांकडचं ते छोटं मशीन इथं हात टेकतं. ऊन, त्यातले अतिनील किरण, वरचं रेझिन तोडत जातात, रेझिन गेलं की रंगाचे कण सुटे पडतात, हाताला लागते ती पावडर हीच, आणि थराला बारीक बारीक भोकं पडून त्यात मळ बसतो. समुद्रातल्या बोटीचं पोट पाण्यात असतं म्हणून तिथं वरच्या बाजू खराब होतात. आपल्याकडं उलटं आहे, २०१६ सारखं साल आलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल, की होडी महिनोन्‌महिने पालथीच आणि सगळं ऊन पोटावर. त्यामुळं इंटरनेटवरचे बोटीचे व्हिडिओ बघताना हे डोक्यात ठेवा, ते जिथं मशीन मारायलेत तिथंच आपल्याला मारायचंय असं नाही.

आता पहिली गोष्ट. तुमच्या होडीवर खरंच जेलकोट आहे का वरून कोणी ऑइलपेंट मारलाय ते बघा, कारण जुन्या होड्यांना दर दोनचार वर्षांनी ब्रशनं पेंट मारायची लई सवय आपल्याकडं. कुठंतरी टवका उडालेला असतोच, तिथं बघा. रंगाच्या जाड थराखाली लगेच काचेची मॅट दिसली तर जेलकोट, पातळ पापुद्रा आणि त्याच्याखाली दुसराच रंग दिसला तर पेंट. पटत नसेल तर एक हातभर जागा धुऊन, रबिंग कंपाऊंडनं, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टनं, चोळून स्वच्छ करा आणि पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन घासा. साधा पेंट मऊ पडून फडक्याला येतो, चांगला जेलकोट तसा येत नाही. आधी चोळून घ्यायचं कारण असं की मेलेल्या जेलकोटची पावडरबी फडक्याला लागते आणि उगं फसगत होते. पेंट निघाला तर पॉलिशरचा विषयच संपला, तो खरवडून परत पेंट मारा नाहीतर नवा जेलकोट.

दुसरी गोष्ट, किती खोल. होडीवर पाणी मारा. ओली असेपर्यंत रंग उजळ दिसला आणि वाळला की परत पांढरा पडला तर खाली जेलकोट शिल्लक आहे, काम होण्यासारखं आहे. मग तळहाताएवढ्या जागेवर रबिंग कंपाऊंड लावून नुसत्या हातानं, सुती फडक्यानं, दम लागेपर्यंत चोळा. चमक आली तर वरवरचं आहे, त्याला साधं मशीन पुरतं. थोडी आली पण धुरकट राहिली तर दणकट मशीन आणि लोकरीचा पॅड पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर आधी पाणी लावून पॉलिश पेपर मारावा लागणार, ८०० किंवा १०००चा, मग १५००चा, मग मशीन. आणि जर काचेचे धागे वर आलेले दिसायलेत, हाताला खाज सुटायलीय, तर मशीन विकत घेऊ नका, तिथं घासायला काही उरलेलंच नाही, जेवढं घासाल तेवढं पाणी फायबरमध्ये घुसेल.

आता मशीनकडं. बाजारात दोन जाती.

रोटरी म्हणजे एकाच आसावर गोल फिरणारं. मोटरचा सगळा जोर सरळ पॅडवर येतो, दाबलं तरी थांबत नाही, त्यामुळं ते कापतंय भारी. पण एकाच जागी थांबलात की तिथं उष्णता साठते, जेलकोट करपतो, पिवळसर पट्टा उमटतो, आणि कडेवर तर थर पार जाऊन खालचं फायबर दिसायला लागतं. शिवाय गोलगोल रेघा राहतात, गडद रंगावर ऊन पडलं की त्या जाळ्यासारख्या दिसतात.

दुसरी जात डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. यातला पॅड स्वतःभोवती फिरतो आणि सोबत लहान घेऱ्यातबी डोलतो. हा घेरा ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा असतो, डब्यावर लिहिलेलं असतं. गरम कमी करतं, रेघा कमी पाडतं, नवख्या माणसाच्या हातात दिलं तरी होडी सहसा बिघडवत नाही. अडचण एवढीच की बऱ्याच डीएमध्ये पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळं असतं, गिअरनं बांधलेलं नसतं, म्हणून जरा जास्त दाबलं किंवा होडीच्या गोलाईवर पॅडची एक बाजू टेकली की फिरणं बंद आणि नुसतं थरथरणं चालू. आवाज येत राहतो म्हणून माणसाला वाटतं काम चाललंय. यावर सोपी युक्ती, पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं एक जाड रेघ ओढा, चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे, स्थिर दिसायली की दाब कमी करा. गिअरनं जबरदस्तीनं फिरवणारे डीएबी मिळतात, ते थांबत नाहीत, पण महाग, आणि हातांना हादरा बसतो.

मग घ्यायचं कोणतं? मासेमारीची किंवा माणसं ने-आण करायची होडी असेल, रंग पांढरा, पिवळा, फिका निळा असा असेल आणि पावडर जाड असेल तर डोळे झाकून रोटरी. पांढऱ्यावर रेघा दिसत नाहीत, आणि जाळं ओढून ओढून चरे पडणारच आहेत त्या होडीला आरशासारखी चमक आणून काय करायचंय. याउलट तलावातल्या पायडल बोटी, रिसॉर्टची बोट, किंवा गडद निळी-लाल बोट जी लोक बघूनच बसतात, तिथं डीए लागतंच. थर जाड मेलेला असेल तर आधी रोटरी आणि मग डीए, म्हणजे दोन मशीन झाले, तेव्हा रोटरी भाड्यानं आणा आणि डीए घ्या, कारण पुढं दरवर्षी वॅक्सच्या आधी हलकं पॉलिश मारायला डीएच कामाला येतं. एकच घ्यायचं असेल आणि हाताला सवय नसेल तर माझं मत डीए, १५ किंवा २१चा घेरा, ८चा नको. पोटाच्या गोलाईसाठी १५ बरा, २१वालं मोठ्या सपाट बाजूला झपझप चालतं पण वळणावर अडतं. वेळ जास्त जाईल, हात दुखतील, पण होडी शाबूत राहील.

एक गोष्ट मात्र करू नका. वेल्डिंगवाल्याकडचा चार इंची ग्राइंडर आणून त्याला लोकरीचा पॅड बसवायचा हा उद्योग लई लोक करायलेत, स्वस्त पडतो म्हणून. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. पॉलिशचं काम असतं १,००० ते २,००० फेऱ्यांमध्ये. हिशोबच करा ना, सात इंची पॅड २,००० फेऱ्यांवर चालवला तर त्याची कड सेकंदाला साधारण साडेअठरा मीटर पळते, आणि चार इंची पॅड ११,००० वर साधारण ५८ मीटर. तिप्पट. पॉलिशचे पॅड एवढ्या फेऱ्यांसाठी बनवलेलेच नसतात, कधी सुटून तोंडावर येईल सांगता येत नाही, आणि कंपाऊंड तर पहिल्या झटक्यातच उडून तुमच्या सदऱ्यावर. आधी जेलकोट करपतो, मग माणूस म्हणतो फायबरच हलकं होतं!

रोटरी बघताना दुकानात या गोष्टी तपासा. फेरे कमीजास्त करायची चकती पाहिजेच, खालचा आकडा ६००-७०० पासून सुरू होणारा, वरचा ३,००० पर्यंत. खालचा आकडा महत्त्वाचा, कारण कंपाऊंड पसरवताना हळू फिरावं लागतं, जे मशीन सुरूच दीड हजारावर होतंय ते शिंतोडे उडवत बसणार. मोटर १,२०० वॅटच्या पुढची. बॉशचं जीपीओ १२ सीई हे १,२५० वॅटचं आणि ७५० ते ३,००० फेऱ्यांचं, मकिता आणि डीवॉल्टकडंबी याच तोडीचे आहेत, आकडे कसे वाचायचे ते कळावं म्हणून सांगितलं, हेच घ्या असं नाही. आणखी दोन सोयी विचारा. एक, बटण दाबल्यावर हळूहळू वेग घेतं का, म्हणजे झटका बसत नाही. दुसरी, दाबल्यावर फेरे कायम राहतात का, कारण स्वस्त मशीन दाबलं की मंदावतं, उचललं की एकदम पळतं आणि तिथंच घोळ होतो. पुढचा आस आपल्याकडं बहुतेक एम १४ आट्यांचा असतो, पॅडची प्लेट त्याच मापाची घ्या, ऑनलाईन अमेरिकन मापाची प्लेट येते ती बसत नाही आणि परत पाठवण्यात आठवडा जातो.

आणि वजन. दुकानात अडीच-तीन किलो काहीच वाटत नाही. होडीच्या उभ्या बाजूला हात लांब करून अर्धा तास धरा म्हणजे कळतं. म्हणून जमेल तिथं होडी पालथी किंवा कडेवर कलती करून घ्या, टायर लावा खाली, म्हणजे मशीन वरून टेकवता येतं आणि त्याच्या वजनानंच काम होतं.

तिसरी गोष्ट लाईट, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मशीनच्या जाहिरातीत हे कोणीच सांगत नाही. नाथसागर उथळ आणि पसरट आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा, पाणी थोडं खाली गेलं तरी काठ लांब सरकतो. होडी कुठं पडलीय आणि विजेचा खांब कुठं. शेतातल्या मोटरच्या कनेक्शनवरून वायर ओढली तर एक तर लाईट बऱ्याचदा रात्रीची, आणि दिवसा आली तरी दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी. कमी दाबावर हे मशीन चालतं पण ताकद जाते, माणूस मग दाबतो, मोटर गरम व्हायलीय हे कळत नाही आणि मोटरमधले कार्बन ब्रश जळतात. त्यात वायर बारीक असली की आणखी घट. सव्वातेराशे-चौदाशे वॅटचं मशीन सहा अँपिअर ओढतं, ५० मीटर लांब एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असली तर दहाएक व्होल्ट वायरीतच मरतात, अडीचची असली तर चारच. त्यामुळं वायर अडीचची, आणि रिळावर असेल तर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली वायर तापते. जनरेटर आणणार असाल तर दोन केव्हीएचा पुरतो. पाण्याजवळ, ओल्या पायानं काम आहे, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारं बटण, असलेला बोर्डच वापरा, जुगाडाचा नको.

बॅटरीवर चालणारं पॉलिशर काठासाठी बरं वाटतं, पण सोळा-अठरा फुटी होडीला चारपाच बॅटऱ्या फिरवत बसावं लागेल. डागडुजीला ठीक. हवेवर चालणारं गॅरेजवालं मशीन हलकं असतं, मात्र त्याला सलग हवा लागते, मोठा कंप्रेसर, तो काठावर कुठून आणणार. खरं तर सगळ्यात सोपं म्हणजे होडी ट्रॉलीत टाकून गावात शेडखाली आणणं, सावलीबी मिळते.

सावलीचं उगीच म्हणत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२च्या वर जातं, उन्हात ठेवलेल्या होडीला हात लावता येत नाही, कंपाऊंड लावल्या लावल्या वाळून पपडी धरतं आणि मग कोणतंबी मशीन घ्या, चमक येत नाही. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे.

पॅडकडं लोक लक्षच देत नाहीत, आणि निम्मं काम पॅडच करतो. रोटरीला जाड, पिळदार लोकरीचा पॅड कापायला, मऊ लोकरीचा त्याच्यानंतर. डीएला कापायचं असेल तर मायक्रोफायबरचा किंवा कडक फोमचा, शेवटच्या हाताला मऊ फोम. एका होडीला एका प्रकारचे दोनतीन पॅड तरी ठेवा, कारण मेलेला जेलकोट आणि कंपाऊंड मिळून पॅडमध्ये चिकटून बसतात, पॅड कडक होतो, कापायचं सोडून गरम करायला लागतो. मशीन हळू चालू ठेवून ताठ ब्रशनं लोकर मोकळी करत राहायची, दर एक-दोन चौकटींनंतर, चौकट म्हणजे एका वेळी घासायची दोन बाय दोन फुटांची जागा. चिखलात पडलेला पॅड परत होडीवर लावू नका, एक वाळूचा कण अख्ख्या बाजूला ओरखडे पाडतो.

मशीन आणल्यावर लगेच एका टोकाकडून सुरू करू नका. आधी होडी साबणानं धुवा, पाण्याच्या रेषेवर क्षाराचा पांढरा थर असतो तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं किंवा व्हिनेगरनं काढा आणि परत धुवा, नाहीतर तुम्ही क्षारालाच पॉलिश करत बसाल. मग दोन बाय दोन फुटांची एक चौकट निवडा, जिथं बिघडलं तरी दिसणार नाही. कडांना, रबराच्या पट्टीला, नंबर लिहिलेल्या जागी मास्किंग टेप मारा. कंपाऊंडचे चारपाच ठिपके पुरतात. मशीन बंद असतानाच पॅडनं ठिपके पसरवा, मग ८००-१,००० वर एक हात फिरवा, मग दीड हजार ते अठराशेवर. पॅड सपाट, फार तर उलिसा कलता. हात सतत सरकता ठेवा, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, आडवं मग उभं. मधूनमधून तळहात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा. कडेजवळ आलात की पॅड कडेवरून बाहेर निघेल अशा दिशेनं चालवा, कडेवर चढेल असं नको. तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा, ही पावडर फुफ्फुसात जायची गोष्ट नाही.

चौकट पुसा आणि उन्हात तिरकं बघा. धुरकट राहिली तर आधी पॅड बदलून बघा, मग कंपाऊंड जास्त कापणारं घ्या, आणि तरीबी नाही जमलं तरच पेपर. मशीन बदलायची पाळी सहसा येत नाही. ताजं पॉलिश चमकतंय म्हणून फसू नका, काही कंपाऊंडमध्ये तेल असतं, ते भोकं तात्पुरती भरून काढतं आणि दोन धुण्यांत उतरतं. म्हणून चौकट साबणाच्या पाण्यानं पुसून मगच निर्णय घ्या. जिथं पाय ठेवतो ती खरबरीत फरशी मशीननं करायची नाही, पॅड फाटतो, तिथं ब्रश आणि साबण. आणि पुरात वापरायच्या हवा भरायच्या रबरी बोटी असतात त्यांचा याच्याशी काही संबंध नाही, नाहीतर कोणी तिथंबी मशीन घेऊन जाईल.

अख्खी होडी झाली की त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट मारा, कारण घासून उघडा केलेला जेलकोट उन्हात लवकर परत मरतो. आपल्या उन्हात साधं वॅक्स फार दिवस टिकत नाही, सीलंट जास्त तग धरतं. हे हातानं लावलं तरी चालतं, डीए असेल तर मऊ फोमनं, सगळ्यात कमी वेगावर.

भाड्यानं किंवा सेकंडहँड घ्यायचं असेल तर संभाजीनगरात वाळूज-चिकलठाण्याकडं, नांदेड-लातूरला गाड्यांचं डिटेलिंग करणारे भरपूर झालेत, त्यांच्याकडं जुनी रोटरी निघते. घेताना आस धरून हलवा, खेळ नको. चालू करून हवेच्या फटीतून कार्बनकडं बघा, बारीक ठिणगी चालते, गोल आगीचा कडा दिसला तर सोडा. सगळ्यात कमी वेगावर पाच मिनिटं चालवा, गचके देत असेल तर वेगाची चकती गेलेली असते, ती बदलायचा खर्च सोसत नाही. हवा जायच्या फटीत पांढरी पपडी भरलेली असेल तर मशीन होड्यांवरच वापरलेलं आहे, किंमत पाडून मागा. घरी आणलं की आधी त्या फटी हवेनं साफ करा, आणि काम संपल्यावर लोकरीचे पॅड कोमट पाण्यात साध्या साबणानं धुऊन, मशीनवर न लावता, सावलीत वाळत टाका.